कासव वाकडं का आहे?

"छान आहे हो, पण हे कासव जरा वाकडं झालंय का?"

माझ्या टेबलासमोर उभं राहून आत्तापर्यंत किती जणांनी हे विचारलं असेल, मोजलेलं नाही. पेंडंट उलटसुलट करून पाहायचं, डोळ्यांजवळ न्यायचं आणि मग मला वाईट वाटू नये अशा बेताने हळूच विचारायचं. मी दुसरं काढून दाखवते, तर तेही तसंच निघतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते. कासव वाकडं झालेलं नाही. त्याच्या पाठीवर डावीकडे सहा फरश्या आहेत आणि उजवीकडे सात, आणि त्या तशा मी मुद्दाम केल्यात. फरश्या हा माझाच शब्द. कासवाच्या पाठीवर जे जोडलेले तुकडे दिसतात, त्यांना मी तेच म्हणते.

मी गोव्यात पेडण्याकडे राहते आणि चांदीकाम करते. म्हणजे मेणाचा नमुना मी कोरते. ओतकाम आणि झाळ म्हापशाचे आमचे शेट करतात. पॉलिश पुन्हा माझ्याकडे. माशांचे, शिंपल्यांचे दागिने करून पाहिले, पण हात परत परत कासवाकडेच जातो.

याची सुरुवात गंजिफाने, म्हणजे जुन्या हाताने रंगवलेल्या पत्त्यांनी झाली. माझं आजोळ सावंतवाडीचं. दशावतारी गंजिफाची 120 पानं असतात, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पानं. पानं गोल, लाखेच्या लेपाने बोटाला गुळगुळीत लागणारी. कूर्माच्या दश्शीवर दहा कासवं ओळीने बसलेली असतात. सगळी हाताने रंगवलेली, म्हणून कुणाची मान लांब तर कुणाचं शेपूट आखूड. दुपारी मोठी माणसं झोपली की मी पाटीवर ती गिरवायची. पुढे पहिलं पेंडंट केलं ते त्याच कासवाचं. चार पाय, नखं, इवलं शेपूट, आणि पाठीवर मधे पाच व दोन्हीकडे चार-चार फरश्या. अगदी तोलून मापून.

ते गळ्यात घालून मोरजीच्या तेंबवाड्यावर गेले होते. जानेवारीचा महिना, वाळूत जाळी लावून राखलेलं अंड्यांचं घरटं, आणि शेजारी रखवालीला बसलेला माणूस. त्याने घरट्याची माहिती दिली, चहा विचारला, आणि उठताना माझ्या गळ्याकडे बघून म्हणाला, "हें खंयचें? तळ्यांतलें?"

एवढंच. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. बरोबरच होतं त्याचं. आपल्या किनाऱ्यावर येतं ते ऑलिव्ह रिडले. त्याला पाय नसतात, वल्ही असतात. पाठ गोल घुमटासारखी नसते. वरून पाहिलं तर बदामाच्या आकाराची, खाली निमुळती होत गेलेली. आणि देवळातल्या कासवासारखी मान आत ओढून घेणं त्याला जमतच नाही. समुद्री कासवाला डोकं किंवा वल्ही कवचात घेताच येत नाहीत.

हे मला फार लागलं, कारण कासव म्हटलं की आपल्याकडे पहिली गोष्ट सांगतात ती हीच. घाटावर शंकराच्या देवळात नंदीच्या अलीकडे जमिनीत कोरलेलं कासव असतं. त्याला हात लावून पुढे जायचं. का, तर कासव जसं अंग आवरून घेतं, तशी इंद्रियं आवरून आत जा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली उपमा. सुंदर आहे, पण ती तळ्यातल्या आणि जमिनीवरच्या कासवाची. आमचं मोरजीचं कासव काहीच आवरू शकत नाही. जे काही समोर येईल ते उघड्या मानेवर घ्यायचं.

मग त्या फरश्या. एका पावसाळ्यात मांद्र्याच्या किनाऱ्यावर मेलेलं रिडले लागलं होतं. लांबी माझ्या हाताएवढी, पाठीवर शेवाळाचा हिरवट थर, एका वल्ह्याला जाळ्याचा निळा दोरा. लोक फोटो काढून गेले. मी नाकाला पदर लावून शेजारी बसले आणि बोटाने मोजायला लागले. मधली ओळ झाली. डावीकडच्या सहा. उजवीकडे सात. चुकलं असेल म्हणून परत मोजलं. तरी सात. नंतर वाचलं की रिडलेची ही खूणच आहे. इतर समुद्री कासवांत बाजूच्या फरश्या बहुधा चार किंवा पाच ठरलेल्या असतात. रिडलेत त्या पाचपासून नऊपर्यंत कितीही, आणि दोन्हीकडे सारख्याच असतील असं नाही. दोन रिडले शेजारी ठेवली तर पाठी जुळतीलच असं नाही. मला ते गंजिफाच्या दश्शीसारखं वाटलं.

त्या रात्री मेण घेऊन बसले. वाकडं कोरणं सरळ कोरण्यापेक्षा अवघड असतं, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. हात आपोआप तोल साधायला जातो. सातवी फरशी नुसती घुसवली तर ती चूक दिसते. तिच्यासाठी शेजारच्या दोघींना थोडं सरकावं लागतं, मधल्या ओळीला किंचित कलावं लागतं. तिसऱ्या नमुन्यात ते जमलं. शेटकडे दिलं, आठवड्याने आणायला गेले, तर चांदीत दोन्हीकडे सहा-सहा! शेट खुशीत होते. "बाय, वांकडें आशिल्लें, हांवें सारकें केलें." कानस मारून एक फरशी त्यांनी सपाट करून टाकली होती, वर मजुरीही घेतली नाही. चाळीस वर्षांचा हात आहे तो. त्यांना काय बोलणार?

एका बुटीकने तर बारा पेंडंटं 'ओतकामात दोष' असा शेरा मारून परत पाठवली. तीच पुढे एका ओळखीच्या मुलीने घेतली, ती कासवांच्या अंड्यांवर काम करते. तिने आधी फरश्या मोजल्या, मग किंमत विचारली. असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही.

दुसरा ठरलेला प्रश्न अंगठीचा. कासवाचं तोंड कुणीकडे? आपल्याकडे, म्हणजे लक्ष्मी आपल्याकडे येते, असं सगळे दुकानदार सांगतात. कुठलं बोट, कुठला वार, तेही सांगतात. मी अंगठ्या करते, खोटं कशाला बोलू, महिन्याचा खर्च त्यांच्यावरच निघतो. तोंड हवं तिकडे करून देते. फक्त अंगठीतलं कासव मी पायांचं करते, वल्ह्यांचं नाही. लक्ष्मीसाठी घ्यायचं तर ते देवळातलं घ्यावं. रिडलेचं पिल्लू वाळूतून वर आलं की जिकडे जास्त उजेड तिकडे तोंड करतं. पूर्वी रात्री समुद्रावरच उजेड असायचा. आता शॅकचे दिवे लागलेले असले की ते उलटं, माडांकडे चालू लागतं. रिडलेची त्या दिशेची अंगठी करून विकायला मला जमणार नाही.

चांदी आणि कासव ही जोडी काही आजची नाही. ग्रीसच्या आयगिना बेटावर इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात चांदीची नाणी पाडत, साधारण 12 ग्रॅमची, आणि त्यांवर समुद्री कासव असे. पाचव्या शतकात त्याच नाण्यावर जमिनीवरचं कासव आलं. त्याच सुमारास अथेन्सने आयगिनाला नमवून तिचं आरमार काढून घेतलं होतं, आणि काही जण या दोन गोष्टींचा संबंध जोडतात. खरं असो नसो, नाण्याचा फोटो पाहिल्यावर तो तेंबवाड्यावरचा माणूस आठवला. माझा प्रवास नेमका उलटा झाला.

खऱ्या कवचाचं काही करता का, असंही विचारतात. नाही. चष्म्याच्या पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांच्या फ्रेमा ज्याची नक्कल आहेत, ते हॉक्सबिल कासवाचं कवच. आपल्या नखांसारखंच द्रव्य, ऊब दिली की वाकतं, म्हणून कंगव्यांना आणि पेट्यांना फार चाललं. पोर्तुगीजांच्या काळात गुजरातेत त्याच्या चांदीने मढवलेल्या पेट्या घडत आणि युरोपात जात. आता ही कासवं 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्या वस्तूंचा व्यापार बंद आहे. एक बाई आपल्या पणजीची जुनी दांतोणी, म्हणजे फणी, दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या, एक दात तुटलेली. मी हात लावला नाही. उजेडात धरून मात्र पाहिली. मधासारखी दिसत होती.

हल्ली स्टोलही करते. त्यावर कासव नाही, कासवाचा माग आहे. रिडले वाळूवर वल्ही आळीपाळीने मारत चालते, त्यामुळे स्वल्पविरामासारखे ठसे एकाआड एक उमटतात, समोरासमोर नाही. म्हणजे तिथेही दोन्ही बाजू सारख्या नाहीतच. ठसे किनारीला छापले की लोक म्हणतात, वेल छान आहे. मी सांगत बसत नाही.

गेल्या वर्षी एक काकू आल्या. मुलगा कॅनडाला चाललेला, त्याला द्यायला आई आणि पिल्लू असं पेंडंट हवं होतं. मी म्हटलं, काकू, तसं नसतं. ती शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि रात्रीच समुद्रात जाते. पिल्लं निघतात दीड-दोन महिन्यांनी. भेट होतच नाही. बोलून गेले आणि वाटलं, कशाला सांगितलं. पण त्या चटकन म्हणाल्या, "अगं, पण अभंगातली कासवी तरी कुठे जवळ असते? ती नुसत्या दृष्टीनेच पोसते ना?"

संतांच्या त्या कासवीचं मला कधी सुचलंच नव्हतं. शेवटी दोन पेंडंटं केली, वेगवेगळ्या साखळ्यांत. त्यांच्यासाठी मोठं, मुलासाठी नखाएवढं. लहानग्याच्या पाठीवर फरश्या कोरताना भिंग लावावं लागलं. मोठ्याचं मेण शेटकडे पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन, डाव्या बाजूला सहा की सात हे विचारायला.

"बाय, दाव्या वटेन स काय सात?"