पोर्टोच्या वखारीतली मेजवानी: एका जेवणाला दोन दालनं

पोर्तुगालमधल्या पोर्टोत दोरू नदीच्या काठावर, रिबैराच्या गल्ल्यांच्या जरा वर, ग्रॅनाइटची एक भारदस्त इमारत आहे. तिचं नाव फॅक्टरी हाउस. पोर्ट, म्हणजे द्राक्षांचं मद्यार्क मिसळून केलेली, बहुधा गोड आणि कडक वाइन. तिचा व्यापार करणाऱ्या इंग्रजांची ही वखार. ब्रिटिश कॉन्सल जॉन व्हाइटहेड यांच्या देखरेखीखाली ती १७८५ ते १७९० दरम्यान बांधली गेली आणि आजही ब्रिटिश पोर्ट कंपन्यांच्याच ताब्यात आहे. इथे तिकीट काढून जेवता येत नाही, सभासद कंपनीचं आमंत्रण लागतं. वाइनच्या व्यवसायात कुणी ओळखीचं असेल तर आधीच पत्र टाकून ठेवा. साओ बेंतू स्थानकापासून चालत जाता येतं, पण उतार तीव्र आणि फरसबंदी गुळगुळीत आहे. चामडी तळव्याचे बूट घसरतात.

या वखारीचं खरं वैशिष्ट्य म्हणजे एकाला लागून एक अशी दोन भोजनदालनं. पहिल्यात जेवण होतं. मग सगळे उठून शेजारच्या दालनात जातात आणि तिथे तसंच मांडलेलं दुसरं टेबल तयार असतं. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच उत्तम वर्षाच्या द्राक्षांची पोर्ट, येते ती इथेच. पहिल्या दालनात मांसाचा, रश्श्याचा वास भरलेला असतो आणि जुन्या पोर्टचा गंध त्यात हरवून जातो. वाइनसाठी इतका विचार करून बांधलेली दुसरी वास्तू माझ्या माहितीत नाही.

इथल्या पद्धतीच्या जेवणाचा क्रमही याच धोरणाने लावावा. सुरुवातीला थंडगार, कोरडी म्हणजे फारशी गोड नसलेली व्हाइट पोर्ट आणि खारे बदाम. बाकल्याव, म्हणजे खारवलेल्या कॉड माशाबरोबर दोरू खोऱ्यातली पांढरी वाइन, मांसाबरोबर तिथलीच लाल. कोबीवर्गीय पानांच्या काल्दु व्हेर्द सूपमध्ये डुकराच्या सॉसेजची चकती असते, म्हणून शाकाहारी मंडळींनी आधीच कळवावं. व्हिनेगर किंवा तिखट फार झालं की पुढची पोर्ट नुसती जळजळीत लागते. गोडाचंही तसंच: पदार्थ वाइनपेक्षा गोड असला तर वाइन फिकी, आंबटसर वाटते. बदामाच्या केकला वीस वर्षांची टॉनी, म्हणजे लाकडी पिंपात मुरलेली पोर्ट; सेरा द इश्त्रेला चीजला लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे एकाच वर्षाची पण उशिरा बाटलीत भरलेली पोर्ट. मुख्य व्हिंटेजबरोबर अक्रोड पुरेत.

व्हिंटेज पोर्ट लाकडी पिंपात दोनेक वर्षंच राहते, पुढची दशकं बाटलीत मुरते. त्यामुळे तळाशी गाळ साचतो. बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवायची. मग मानेमागे मेणबत्ती धरून, हात न थांबवता, एका धारेत काचेच्या सुरईत ओतायची. मध्येच बाटली सरळ केली की गाळ ढवळतो आणि शेवटपर्यंत कडवटपणा राहतो. गाळाची काळी रेघ मानेपर्यंत आली की थांबायचं. तळाचं थोडं सोडून द्यायचं, त्याचा मोह नको.

फार जुन्या बाटलीचं बूच स्क्रू लावताच भुसभुशीत होतं. तिथे पोर्टचा चिमटा कामी येतो. चिमट्याची कडी लालभडक तापवायची, बुचाच्या खाली मानेभोवती मिनिटभर धरायची आणि लगेच तिथे ओलं गार फडकं लावायचं. काच गोल, स्वच्छ तडकते. कडी पुरेशी तापली नसेल तर तडा वाकडातिकडा जातो आणि काचेचे कण वाइनमध्ये पडतात. अशी बाटली मलमलीतून गाळूनच घ्यावी.

सुरई नेहमी डावीकडच्या माणसाकडे सरकवायची आणि ती अडता कामा नये. शेजाऱ्याकडे अडलीच तर त्याला विचारतात, ‘नॉरिचच्या बिशपना ओळखता का?’ हा ठरलेला सभ्य इशारा आहे. पेल्यात साठ मिलिलिटर पुरे. पोर्टमध्ये अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास असतं आणि तोवर तीन-चार वाइन झालेल्या असतात.

आमंत्रण नसेल तर १८८६ च्या दोम लुईश पुलावरून पलीकडे व्हिला नोव्हा द गायाला जा. तिथे ग्रॅहम्स या पोर्ट कंपनीच्या १८९० च्या तळघरालगत उपाहारगृह आहे आणि पोर्ट पूर्ण बाटली न घेता एकेक पेलाही मिळते.

भारतात दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. व्हिंटेज आणलीत तर प्रवासात गाळ हललेला असतो, म्हणून काही आठवडे ती तशीच पडू द्या. उघडल्यावर दोन दिवसांत संपवायला हवी. तेवढी माणसं जमणार नसतील तर टॉनीच घ्या, ती फ्रीजमध्ये काही आठवडे टिकते.