कमिशनरबाईंची शनिवारची बैठक

आज आमच्या भागाच्या काउंटी कमिशनरबाईंनी लायब्ररीत लोकांना भेटायला बोलावलं होतं. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. प्रत्येकीचा कारभार एक काउंटी जज (नावाला जज, खरं तर काउंटीचा प्रमुख) आणि चार कमिशनर बघतात. रस्ते, तुरुंग, निवडणुका, बजेट, सगळं त्यांच्याकडे. एवढी वर्षं इथे राहून आपल्यातल्या बऱ्याच जणांना आपला कमिशनर कोण ते ठाऊक नसतं. ट्रम्पवर मात्र तासभर बोलतील!

गर्दी अर्थातच प्रॉपर्टी टॅक्सवर तापलेली. बाईंनी एक नमुना बिल पडद्यावर लावलं आणि ओळीओळीवर बोट ठेवत दाखवलं: सर्वांत मोठा वाटा शाळांचा, मग शहराचा, काउंटीचा त्याहून बराच कमी. पुढच्या रांगेतले आजोबा चष्मा कपाळावर चढवून स्वतःच्या बिलाशी ताडून बघत होते. "मग शिव्या तुम्हालाच का पडतात?" त्यांनी विचारलं. "कारण बिल काउंटीच्या टॅक्स ऑफिसातून येतं," बाई हसून म्हणाल्या. मला हे आवडलं. हात झटकले नाहीत, उगाच आश्वासनंही दिली नाहीत. आमच्या रस्त्याकडेच्या तुंबलेल्या चरीबद्दल विचारलं, तर तो रस्ता शहराचा आहे म्हणाल्या आणि तिथला नंबर लिहून दिला. नंबर लागतो का ते सोमवारी कळेल.

ग्रीन कार्डवाल्यांनो, इथे मत देता येत नसलं तरी कमिशनरांच्या सभेत बोलता येतं. अजेंडा आधी वेबसाइटवर लागतो. टॅक्सचा दर ठरायच्या आधी बहुतेक वेळा जाहीर सुनावणी असते, कोण येतंय?