ब्राव्होतली आडवी रेघ

२३ नोव्हेंबर २०२२. फुटबॉल विश्वचषकात कतारच्या खलिफा स्टेडियममध्ये जपानने जर्मनीला २-१ असं हरवलं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ होत आले होते. जपानी शिकणाऱ्या मराठी वाचकांसाठी त्या सामन्यातला एक शब्द निवडून सोशल मीडियावर टाकायचं चित्र-कार्ड करायचं काम माझ्याकडे होतं. शब्द दोआन किंवा आसानो या गोल करणाऱ्यांकडून येईल असं वाटलं होतं. आला तो डावा बचावपटू नागातोमो यूतोकडून.

५७व्या मिनिटाला मितोमाला जागा देऊन तो बाहेर बसला होता. दोन्ही गोल त्यानंतरचे, ७५व्या आणि ८३व्या मिनिटाचे. तरी सामना संपल्यावर कॅमेऱ्यासमोर जीव तोडून ‘ब्राव्हो!’ ओरडला तो हाच, वयाच्या ३६व्या वर्षी, चौथ्या विश्वचषकात. बघता बघता जपानी टाइमलाइनवर तोच शब्द फिरू लागला.

बचावपटूचं खरं काम क्लिपमध्ये मावत नाही. विंगरला आत वळू न देणं, पास येण्याआधीच जागेवर असणं, हे कोण शेअर करणार? नागातोमो लोकांच्या लक्षात राहिला तो इटलीच्या इंटर मिलान क्लबमध्ये गोलनंतर कमरेतून वाकून केलेल्या अभिवादनामुळे, २०१८ च्या सोनेरी केसांमुळे आणि आता या आरोळीमुळे. संघाचा आनंद तो स्वतःचा मानतो, म्हणून ही लोकप्रियता मला त्याच्या हक्काची वाटते.

मुलाखतीच्या चित्रफितीचे हक्क आमच्याकडे नव्हते, त्यामुळे कार्डावर फक्त अक्षरं. वर काताकाना, म्हणजे परक्या शब्दांसाठीची जपानी लिपी, खाली मराठी. जपानीत हा शब्द बु-रा-बो आणि शेवटी दीर्घ स्वराची आडवी रेघ, असा चार मात्रांचा. मराठीत ‘शाब्बास’ घातलं नाही. ते वडीलधाऱ्याने पाठीवर थाप मारत म्हणायचं. ही आरोळी बरोबरीच्यांची होती. ‘ब्राव्हो’च ठेवलं.

पोस्ट गेली आणि तिच्यातल्या याच शब्दाच्या हॅशटॅगवर दाबलं तर आमची एकटीच पोस्ट. बाकी जपान कुठे गेला? शब्द स्क्रीनशॉटवरून मजकूर ओळखणाऱ्या अ‍ॅपने उचलला होता. त्याने दीर्घ स्वराच्या रेघेऐवजी ‘इची’, म्हणजे ‘एक’ या अर्थाची कांजी, म्हणजे चिनी वळणाचं अक्षर, घातली होती. तीही एक आडवी रेघच. एकसारख्या जाडीच्या रेघांच्या, गोथिक वळणाच्या फाँटमध्ये डोळ्यांना फरक कळत नाही. मिंचो या जाड-बारीक रेघांच्या फाँटमध्ये कळतो, कारण कांजीच्या उजव्या टोकाला छोटा त्रिकोण असतो. सर्च इंजिनला मात्र ही दोन वेगळी अक्षरं.

खात्रीची परीक्षा सोपी आहे. शब्द उभ्या मांडणीत टाकायचा. दीर्घ स्वराची रेघ उभी राहते, ‘इची’ आडवीच राहते. आमची आडवी राहिली.

दुरुस्तीसाठी जपानी कीबोर्डवर रोमन अक्षरांतून जपानी अक्षरं उमटवणाऱ्या मोडमध्ये शब्द नव्याने टाइप केला. तिथे हायफनची कळ दाबली की योग्य रेघ येते. खालचा मजकूर लगेच बदलता आला. कार्डातलं अक्षर मात्र चित्रात गोठलेलं, म्हणून ती पोस्ट काढून नवी टाकावी लागली. हॅशटॅगनंतर जागाही सोडली, नाहीतर पुढचं जपानी अक्षर त्यालाच चिकटतं.

१ डिसेंबरला स्पेनलाही २-१ ने हरवल्यावर नागातोमो पुन्हा तसाच ओरडला. या वेळी शब्द आधी उभा करून पाहिला, मग पोस्ट केली.