दंड फक्त पहिल्याच सभासदाला

एका वाचनालयासाठी मी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम मुदत उलटलेल्या सभासदांना स्मरणपत्रे पाठवत असे. एके दिवशी पहिल्या सभासदाच्या पत्रात नऊ दिवसांचा दंड 18 रुपये असा बरोबर आला आणि त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात तो शून्य छापला गेला.

दंडाचा दर वेगळ्या सेटिंग फाइलमध्ये '$दर = 2;' असा लिहिला होता (पीएचपीला व्हेरिएबलचे, म्हणजे किंमत साठवणाऱ्या जागेचे, नाव देवनागरीतही चालते) आणि पत्र तयार करणाऱ्या फंक्शनच्या (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) पहिल्याच ओळीत मी ती फाइल रिक्वायर-वन्सने, म्हणजे फाइल एकदाच जोडणाऱ्या आज्ञेने, जोडली होती. जोडलेल्या फाइलला स्वतःचा असा स्कोप, म्हणजे व्हेरिएबल जिथे ओळखले जाते ते क्षेत्र, नसतो. ज्या ओळीवर ती जोडली जाते, त्या ओळीचा स्कोप तिला मिळतो. त्यामुळे '$दर' हे त्या फंक्शनचे लोकल, म्हणजे फक्त त्याच्या आतच दिसणारे, व्हेरिएबल झाले आणि फंक्शन संपताच नाहीसे झाले. दुसऱ्या सभासदाच्या वेळी मात्र ही फाइल एकदा जोडून झाली आहे, एवढेच पाहून रिक्वायर-वन्सने ती पुन्हा चालवलीच नाही. न सापडलेल्या व्हेरिएबलची किंमत नल (म्हणजे काहीच नाही) धरली जाते आणि नलला नऊने गुणले की शून्यच येतो. पीएचपीच्या आवृत्ती 8 पासून अशा वेळी नुसती नोटीस न येता वॉर्निंग येते, पण ती लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइलमध्ये, पडून होती आणि लॉग मी उघडलाच नव्हता.

गोंधळाचे मूळ असे की फंक्शन आणि क्लास यांना हा नियम लागू नाही. फाइल फंक्शनच्या आत जोडली, तरी तिच्यातली फंक्शने सगळीकडे उपलब्ध होतात आणि तीच फाइल दुसऱ्यांदा चालली, तर पुन्हा घोषणा केल्याबद्दल प्रोग्रॅम तिथेच थांबतो. म्हणून वन्सची सवय लागते आणि तीच सवय नुसत्या किमती ठेवणाऱ्या फाइलपाशी नडते.

व्हेरिएबल सगळीकडे दिसावे म्हणून ग्लोबल हा शब्द वापरून सुटका करून घेण्याचा मोह मला झाला होता, पण मग कोणती किंमत कुठे बदलली याचा माग लागत नाही. शेवटी सेटिंग फाइल रिटर्नने ॲरे, म्हणजे किमतींची यादी, परत करील अशी केली, लूपच्या आधी एकदाच साध्या रिक्वायरने तो ॲरे व्हेरिएबलमध्ये घेतला आणि फंक्शनला पॅरामीटर म्हणून, म्हणजे बाहेरून पुरवलेली किंमत म्हणून, दिला. तिथे वन्स ठेवले असते, तर फाइल दुसऱ्यांदा जोडताना ॲरेऐवजी नुसते ट्रू (म्हणजे 'होय') हाती आले असते.

वेबसाइट बनवण्याच्या वर्डप्रेस या पीएचपीतल्या सॉफ्टवेअरच्या थीममध्ये पानाच्या फाइलमधले व्हेरिएबल हेडरच्या फाइलमध्ये दिसत नाही, तेही याचमुळे: हेडरची फाइल तिथे एका फंक्शनच्या आतून जोडली जाते.