आधीच्या साहेबांचा दोष

शनिवार, रात्री साडेदहा

आज तळघरातील खोकी आवरताना ११ ऑक्टोबर २००८ चे, अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमचे तिकीट हाती लागले आणि आवराआवर तिथेच थांबली. शेजारच्या टोलेडो विद्यापीठाविरुद्धचा अमेरिकन फुटबॉलचा तो सामना मिशिगन विद्यापीठाने १०-१३ असा गमावला होता. अगदी शेवटी, २६ यार्डांवरून मारलेली किक खांबांच्या बाहेरून गेली, तेव्हा माझ्या मागच्या रांगेतील पिवळ्या टोपीचे आजोबा शांतपणे म्हणाले, "हे सगळे लॉइड कार यांनी करून ठेवले आहे." मी मान डोलावली, आणि पुढची दोन वर्षे डोलावतच राहिलो.

मिशिगनचे आधीचे मुख्य प्रशिक्षक असलेल्या कार यांनी १३ हंगामांत १२२ सामने जिंकून दिले होते, १९९७ मध्ये तर एकही न हरता. २००७ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी वेस्ट व्हर्जिनियाहून रिच रॉड्रिग्ज आले आणि पहिल्याच वर्षी संघाने १२ पैकी ९ सामने गमावले. सलग ३३ वर्षे चालत आलेली हंगामाअखेर चांगल्या संघांना मिळणाऱ्या बोल सामन्यात खेळण्याची परंपराही त्या वर्षी तुटली. म्हातारा कोठार रिकामे करून गेला, असे जो तो म्हणू लागला.

त्या तक्रारीत तथ्य नव्हते असे नाही. चॅड हेनी, माइक हार्ट आणि जेक लाँग यांची विद्यापीठाकडून खेळण्याची वर्षे संपली होती, मॅनिंगहॅम आणि अ‍ॅरिंग्टन एक वर्ष आधीच व्यावसायिक फुटबॉलकडे वळले होते आणि उंचापुरा रायन मॅलेट आर्कान्सॉला निघून गेला होता. परंतु कार यांनी मुले निवडली होती ती जागेवर उभे राहून लांब चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, खेळासाठी, आणि रॉड्रिग्ज यांना हवा होता पळणारा क्वार्टरबॅक. श्रीखंडासाठी चक्का टांगलेल्या घरात येऊन ताक का नाही म्हणून रागवावे, तसेच हे झाले.

माझी खरी गफलत तिसऱ्या वर्षाची आहे. २०१० मध्ये रॉड्रिग्ज यांनीच आणलेल्या डेनार्ड रॉबिन्सन या क्वार्टरबॅकने पळत १,७०२ यार्ड काढले, आणि त्याच संघाने दर सामन्यात प्रतिस्पर्ध्याला सरासरी ३५ गुण दिले. बचावाचा प्रशिक्षक रॉड्रिग्ज यांनी पहिल्याच वर्षानंतर बदलला होता, तो बदल कार यांनी केला नव्हता. १ जानेवारी २०११ रोजी मिसिसिपी स्टेटकडून १४-५२ असा मार खाल्ल्यावर रॉड्रिग्ज यांची नोकरी गेली, ब्रॅडी होक आले, बचाव ग्रेग मॅटिसन यांच्याकडे गेला, आणि बहुतांशी त्याच मुलांनी पुढच्या हंगामात सरासरी १७ गुणच दिले.

आता लिहिताना लाज वाटते ती याची, की ज्या तोंडाने मी रॉड्रिग्ज यांच्या पराभवांचे खापर कार यांच्यावर फोडत होतो, त्याच तोंडाने होक यांच्या पहिल्या वर्षीच्या ११ विजयांचे सगळे श्रेय होक यांनाच देत होतो, जणू मैदानावर पळणारा डेनार्ड आभाळातून पडला होता. २०१४ मध्ये होक यांचाही संघ ५ विजय आणि ७ पराभवांवर आला, तेव्हा रॉड्रिग्ज यांचे नाव काढावे असे माझ्या मनातही आले नाही.