पेवात उतरलेली मुलं : आमच्या बालनाट्याचा एक हंगाम

मे महिन्यात शिबिर, शेवटच्या दिवशी अर्ध्या तासाचा प्रयोग आणि मग पुढच्या मेपर्यंत सगळं बंद. सांगलीतल्या आमच्या पालकांच्या बालनाट्य मंडळाचं बरीच वर्षं असंच चालायचं. एवढ्या घाईत नाटक बसवायचं म्हटलं की ज्याचा आवाज आधीच मोकळा आहे त्यालाच वाक्यं मिळतात. बाकीची मुलं झाडं होतात, सैनिक होतात. नाटकाची खरी गरज असते ती नेमकी या मुलांना. म्हणून शिबिर, तालमी आणि प्रयोग हे सगळं जूनपासून जानेवारीपर्यंत एकाच धाग्यात ओवायचं, असं आम्ही ठरवलं. मी मंडळाची व्यवस्था बघते, त्यामुळे हा सगळा प्रवास जवळून बघता आला.

निवडचाचणी घेतली नाही. जो येईल तो नाटकात, एवढा एकच नियम. विश्रामबागेतली मुलं आली तशी मार्केट यार्डाच्या मागच्या वस्तीतलीही आली. नाट्यशास्त्र शिकून गावी परतलेला आमचा दादा पहिले काही आठवडे हातात संहिता घेऊनच आला नाही. श्वास, आवाज, नजर आणि एकमेकांचं ऐकणं, एवढंच काम. शाळेच्या हॉलमध्ये एक मूल भिंतीला टेकून उभं राहायचं, दुसरं समोरच्या टोकाला. ओरडायचं नाही, तरी वाक्य पोचलं पाहिजे. काही पालक कुरकुरले, ‘नाटक कधी सुरू होणार?’ दादाने त्यांना तालमीत बसायला बोलावलं आणि त्यांनाही ते वाक्य म्हणायला लावलं. मग तो प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही.

विषय मुलांकडून आला. ‘घरातल्या मोठ्यांचं काम करून दाखवा’ असा एक खेळ होता. एका मुलाने आजोबांचं काम दाखवलं. ते सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवात उतरायचे. सांगलीची हळद सगळ्यांना ठाऊक असते, पण जमिनीखालच्या त्या कोठारांविषयी आमच्या निम्म्या मुलांना काहीच माहीत नव्हतं. तोंड लहान, आत पोट मोठं. माती लिंपून तोंड बंद केलं की आतला प्राणवायू हळूहळू संपतो, म्हणून हळदीला कीड लागत नाही. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आत हवा खेळू द्यायची. २००५ च्या महापुराने त्यातली बरीचशी पेवं निकामी केली. मुलं हरिपूरला जाऊन आली, म्हाताऱ्या माणसांशी बोलली आणि परतल्यावर त्यांनी प्रसंग करायला घेतले. त्या प्रसंगांतूनच दादाने संहिता लिहिली.

चेटकीण आणि राजपुत्र हवेतच, असं काहींचं म्हणणं होतं. त्या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ उभं केलं तेव्हापासून परीकथेने मराठी मुलांना नाट्यगृहात आणलं. पण पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८६ मध्ये बर्लिनची ‘ग्रिप्स’ चळवळ मराठीत आणली, तेव्हा मुलांचं रोजचं जगणंही रंगमंचावर उभं राहिलं. तिथे मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात, आमच्याकडे मुलंच करतात, हा फरक आहेच. रत्नाकर मतकरींनी ठाण्यात वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला, तिथे तर मुलं आपल्याच आयुष्यावरची नाटकं रचू लागली. आमच्या मुलांकडेही सांगण्यासारखं होतं, म्हणून आम्ही त्या वाटेने गेलो.

कागदपत्रांचं काम मी आधी उरकलं आणि नव्या मंडळांनाही तेच सांगेन. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं, मुलांच्या नाटकालाही. संहिता पक्की झाल्याझाल्या पाठवावी, कारण राज्य बालनाट्य स्पर्धेच्या प्रवेशिकेच्या वेळी ते हाताशी लागतं. नाटक दुसऱ्या कोणाचं असेल तर लेखकाची लेखी परवानगीही घ्यावी. लेखक हयात असो वा नसो, हे मानधनासह रीतसर करावं. मुलं हे बघत असतात.

खरा पेच होता तो पेव दाखवायचं कसं याचा. रंगमंचाला खड्डा पाडता येत नाही. मोठ्यांनी नेपथ्याच्या बऱ्याच कल्पना मांडल्या, खर्चाच्या आणि अवजड. तोड मुलांनीच काढली. वरून प्रकाशाचं एकच वर्तुळ. भोवती ठेवलेल्या लेव्हल्सवर, म्हणजे लाकडी चौथऱ्यांवर, मुलं पोटावर झोपून खाली वाकून बघतात, आणि वर्तुळातली मुलं मान पूर्ण मागे टाकून वर बघत बोलतात. नजरा पक्क्या बसल्या की प्रेक्षकाला खोली दिसते. आवाजासाठी विंगेत दोन मुलं रिकाम्या घागरीत तोंड घालून तीच वाक्यं एक क्षण मागून म्हणायची. माईक आणि यंत्रावरचा घुमारा आम्ही ऐकून बघितला होता, घागरीपुढे तो फिका वाटला. त्या दोघांची जागा मुख्य भूमिकेइतकीच अवघड होती आणि ती दोघं तालमीला एकदाही उशिरा आली नाहीत.

प्रकाशयोजना दादाची, पण दिवे कमी-जास्त करणाऱ्या डिमरवर नववीतली मुलगी बसली. प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची यादी, रंगभूषेची वेळ, पहिली-दुसरी-तिसरी घंटा, सगळी जबाबदारी मुलांमध्ये वाटली होती. रंगीत तालमीला आम्ही मोठे प्रेक्षागृहात बसलो आणि विंगेत गेलोच नाही.

पहिला प्रयोग विष्णुदास भावे नाट्यमंदिरात झाला. १८४३ मध्ये ज्यांनी याच गावात ‘सीता स्वयंवर’ रंगवलं, त्यांच्या नावाच्या वास्तूत. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी व्यावसायिक नाटकांना जातात, म्हणून आम्ही मधल्या वारी सकाळचं सत्र घेतलं आणि शाळांना बोलावलं. फुकट पास ठेवले नाहीत. तिकीट लहान असावं, पण असावं. पैसे देऊन आलेलं मूल खुर्चीत वेगळं बसतं, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना परवडत नव्हतं त्यांची तिकिटं इतर पालकांनी काढली आणि कोणाची कोणी काढली हे कुठे लिहिलं नाही.

प्रयोगानंतर हमाली करणारे एक वडील मला म्हणाले, “ताई, पोरगी आता घरात बी मोठ्यानं बोलाय लागलीया. काल माझ्याशी भांडली, पण नीट भांडली.” ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मिरजेच्या बालगंधर्व नाट्यगृहातल्या प्रयोगाला मंच वेगळा, अंतरं वेगळी. वर्तुळाची जागा मुलांनीच पावलं मोजून ठरवली. राज्य बालनाट्य स्पर्धेत आपला प्रयोग झाल्यावर घरी निघायचं ठरलं होतं, पण मुलं हटून बसली आणि त्यांनी दिवसभर इतर संघांची नाटकं बघितली. परतताना गाडीत निकालापेक्षा त्या नाटकांचीच चर्चा जास्त रंगली, कोणाचं नेपथ्य कसं होतं, कोणाचं वाक्य मागे पोचलं नाही, वगैरे.

पुढच्या हंगामासाठी दोन गोष्टी ठरल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत फक्त प्रकाश, नेपथ्य आणि रंगभूषेची कार्यशाळा. आणि वयाने मोठी झालेली मुलं बाहेर न पडता धाकट्यांच्या आवाजाच्या तालमी घेतील. घागरीवाल्या दोघांनी त्यासाठी आधीच नाव दिलंय.