बोगोटाची ट्रान्समिलेनियो: पुण्याने जिच्याकडे पाहून बीआरटी आणली, ती बघताना

पुण्यात 2006 साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे वेगळ्या लेनमधून धावणारी जलद बससेवा, आली, तेव्हा कोलंबियाची राजधानी बोगोटा आणि तिथली ट्रान्समिलेनियो बससेवा यांचं नाव सतत कानावर पडायचं. त्यामुळे कोलंबियात गेल्यावर संग्रहालयांच्या आधी मला बस बघायची होती.

विमानतळावरून शहरात आल्यावर पहिल्या दिवशी फार धावपळ करू नका. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,600 मीटरवर आहे, जिना चढतानाही धाप लागते. विषुववृत्त जवळ असलं तरी संध्याकाळी स्वेटर लागतोच, आणि पाऊस कधीही येतो.

बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. 'तुयावे' नावाचं कार्ड घ्यायचं, त्यात पैसे भरायचे आणि स्थानकाच्या फाटकावर ते टेकवून आत जायचं. फलाट बसच्या मजल्याच्या उंचीला असतो, त्यामुळे चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी थेट आत जाते. बस थांबली की सगळे दरवाजे एकदम उघडतात आणि काही सेकंदांत ती निघते. पुण्यात बीआरटी मार्गावरही तिकीट मुख्यतः बसमध्येच काढलं जातं. हा फरक वाचून कळत नाही, फलाटावर थोडा वेळ उभं राहिलं की लख्ख दिसतो.

यातलं बरंच बोगोटाने ब्राझीलमधल्या कुरितिबाकडून घेतलं. जायमे लर्नर महापौर असताना 1974 साली तिथे बससाठी वेगळे रस्ते सुरू झाले, आणि 1991 मध्ये नळीच्या आकाराची स्थानकं आली, जिथे भाडं आधी भरून आत जायचं. बोगोटात महापौर एन्रिके पेन्यालोसा यांच्या काळात, डिसेंबर 2000 मध्ये, ट्रान्समिलेनियो धावू लागली. बोगोटाने त्यात भर घातली ती स्थानकापाशी प्रत्येक दिशेला दुसऱ्या लेनची. थांबलेल्या बसला मागे टाकून जलद बस पुढे निघते. कॅराकास रस्त्यावर मी हे बराच वेळ बघत राहिलो. एवढी माणसं वाहून नेण्याची ताकद त्या एका जादा लेनमधून येते.

त्याहून मोठा बदल मात्र रस्त्यावर दिसतच नाही. पूर्वी इथल्या बसचालकांची कमाई प्रवाशांच्या संख्येवर असायची, म्हणून एकेका प्रवाशासाठी गाड्यांची शर्यत चाले. नव्या करारात बस कंपन्यांना चाललेल्या किलोमीटरवर पैसे मिळू लागले आणि ट्रान्समिलेनियोच्या मार्गांवर ती शर्यत थांबली. आपल्याकडे डोळ्यांना दिसणारी लेन आधी येते. भाडं, करार, पदपथ मागे राहतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. अहमदाबादने 2009 मध्ये निदान स्थानकावरच तिकीट देण्याची पद्धत उचलली.

बोगोटात सगळं छान आहे असंही नाही. सकाळ-संध्याकाळ गर्दी जीवघेणी असते, आणि भाडं न भरता फलाटावर चढणारेही सर्रास दिसतात. शक्य असेल तर दहानंतर निघा. फोन आतल्या खिशात आणि पिशवी पुढे घ्या. मेट्रोच्या बांधकामामुळे काही स्थानकं बंद असू शकतात, म्हणून मार्ग आदल्या रात्री बघून ठेवा.

एक फेरी पोर्ताल तुनाल या बस टर्मिनलला जाऊन ट्रान्समीकेबलने अवश्य करा. डोंगरावरच्या सिउदाद बोलिव्हार या गरीब वस्तीत जाणारी ही दोरगाडी 2018 च्या अखेरीस सुरू झाली. मेदेयीनने 2004 मध्ये दोरगाडी शहराच्या वाहतुकीत आणली होती. ती कल्पना बोगोटाने आपल्याच देशातल्या धाकट्या शहराकडून घेतली. दिवसाच जा, आणि लोकांच्या घरांचे फोटो न विचारता काढू नका.

रविवार राखून ठेवा. सकाळी 7 ते दुपारी 2 शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद असतात आणि सायकली, स्केट, आजीआजोबा, पोरंटोरं सगळे तिथे उतरतात. 'सिक्लोव्हिया' नावाचा हा उपक्रम 1974 पासून चालू आहे. गुरुग्राममध्ये असाच रस्ता लोकांसाठी मोकळा ठेवणाऱ्या 'राहगिरी'ची प्रेरणा हीच. भाड्याची सायकल सकाळी लवकर मिळवा आणि कारेरा सेप्तिमा या मुख्य रस्त्यावरून निघा.

शाकाहारी असाल तर अरेपा, म्हणजे मक्याची जाडसर भाकरी, चीजसह मागा. इंग्रजी फारसं चालत नाही, तेव्हा स्पॅनिश आकडे तोंडपाठ करून ठेवा. हाताशी वेळ असेल तर मेदेयीनलाही जा. विमानाने तासाभराचं अंतर आहे. तिथे मेट्रोने असेवेदो स्थानकात उतरून के मार्गाची दोरगाडी पकडायची. पुढे आर्वी उद्यानाकडे जाणाऱ्या दोरगाडीचं भाडं वेगळं पडतं, त्यामुळे तिथल्या मेट्रोच्या कार्डात शिल्लक ठेवा.